बरे होणे आणि बरे वाटणे

सांधेदुखीवर विजेचा उपाय पहिल्यांदा लिहून ठेवला तो एका रोमन वैद्याने. त्याचे नाव स्क्रिबोनियस लार्गस. सम्राट क्लॉडियसच्या ब्रिटनवरच्या स्वारीत हा गृहस्थ सोबत गेला होता आणि इसवी सन ४७च्या सुमारास त्याने औषधांच्या कृतींचा एक संग्रह लिहिला. त्यात वातरक्तावर, म्हणजे आजच्या भाषेत गाऊटवर, एक कृती आहे. पाय ठणकायला लागला की रोग्याने समुद्रकिनारी जावे, लाटेने भिजलेल्या वाळूत उभे राहावे, पायाखाली काळा जिवंत टॉर्पेडो मासा घ्यावा आणि बधिरपणा पावलापासून गुडघ्यापर्यंत चढेस्तोवर हलू नये. तिबेरियस बादशहाचा मुक्त केलेला गुलाम अँटेरोस याला या उपायाने आराम पडला, असा दाखलाही तो देतो.

हा मासा आपल्या पाकटाच्या कुळातला. शरीर चपटे आणि गोल, डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना वीज तयार करणारे अवयव. अरबी समुद्रातही त्याच्या काही जाती आहेत. स्क्रिबोनियसच्या काळी वीज नावाच्या गोष्टीची कोणाला कल्पना नव्हती. आकाशातली वीज आणि माशाचा झटका यांचा संबंध लागायला अजून सतराशे वर्षे जायची होती. तरी कृती मात्र विद्युतशास्त्राच्या हिशेबाने अचूक आहे. टॉर्पेडोची पाठ आणि पोट ही बॅटरीची दोन टोके. वर पाय, खाली खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू. कोरड्या वाळूत हा प्रयोग फसला असता. आज टेन्स मशीनच्या पॅचवर जी चिकट जेल असते, तिचे काम तिथे ओल्या वाळूने केले.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, वैद्यकाशी संबंध नाही. या इतिहासात शिरलो तो हर्ण्याच्या मावशीमुळे. दापोली तालुक्यातल्या हर्णे बंदरात तिचे सगळे आयुष्य मासळीत गेले. लिलावात मासळी घ्यायची, उकिडवे बसून निवडायची, टोपली डोक्यावर घेऊन चालायचे, उरलेल्या वेळात सोडे सोलायचे. साठीच्या आत दोन्ही गुडघे गेले. दापोलीच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून सांगितले की झीज झाली आहे, व्यायाम करा, वजन उतरवा, पुढे वाटी बदलावी लागेल. २०१९मध्ये घरच्यांनी तिच्यासाठी ऑनलाइन एक टेन्स मशीन मागवले. पत्त्यांच्या जोडाएवढा डबा, नऊ व्होल्टची बॅटरी, दोन वायरी, चार पॅच. खोक्यावर हसऱ्या आजीचे चित्र आणि 'सांधेदुखीपासून कायमची मुक्ती' असा मजकूर.

पहिल्याच दिवशी मावशीला चांगला आराम पडला. गुडघ्याभोवती मुंग्या आल्या आणि ठणका मागे गेला. मशीन बंद केल्यावर तासाभराने तो परत आला. पंधरा दिवस असेच चालले, आणि मग मावशीने डबा कपाटात ठेवून दिला. मी फोनवर विचारले, तेव्हा म्हणाली, "लावलं की बरं वाटतं रे. पण बरं होत नाही ना! मग कशाला ती बॅटरी जाळायची?"

बरे वाटणे आणि बरे होणे. मराठीने ही दोन क्रियापदे वेगळी ठेवली आहेत. सांधेदुखीवरच्या विजेचा सगळा इतिहास वाचून झाल्यावर मला वाटते, तो या दोन क्रियापदांच्या गोंधळाचाच इतिहास आहे.

या विषयावरचे लेख हमखास इजिप्तपासून सुरू होतात. सक्कारा इथे ती नावाच्या अधिकाऱ्याचे थडगे आहे, सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे. त्यातल्या मासेमारीच्या शिल्पचित्रात नाईलमधला विजेचा मासा दिसतो. तेवढ्यावरून 'इजिप्शियन लोक विजेने दुखणी बरी करत' असे ठोकून दिले जाते. चित्रात कोळी आहेत, होडी आहे, मासे आहेत. रोगी नाही आणि वैद्यही नाही. त्या चित्रावरून इतकेच म्हणता येते की त्या माशाशी कोळ्यांची ओळख होती. ते ओघानेच आले. झटका कळण्यासाठी मासा हाताळावा लागतो, आणि वैद्यांच्या आधी तो जाळे ओढणाऱ्यांच्या हाताला लागला असणार. ग्रीक लेखकांच्या टॉर्पेडोच्या वर्णनांतही कोळ्यांचे अनुभव येतातच: जिवंत माशावर पाणी ओतले, तर धारेतून वर हाताला मुंग्या येतात, वगैरे.

स्क्रिबोनियसनंतर शंभरेक वर्षांनी गेलन या नामांकित वैद्याने डोकेदुखीसाठी हा मासा वापरून पाहिला. मेलेला मासा लावला, उपयोग झाला नाही. जिवंत लावला, आराम पडला. तुलना करून पाहण्याची ही बुद्धी मला फार आवडली. मात्र दोघांच्याही लिखाणात एक प्रश्न अधांतरी राहतो: आराम किती वेळ टिकला?

हा प्रश्न नीट विचारणारा माणूस भेटतो तो अठराव्या शतकात. हर्ण्यासमोर समुद्रात सुवर्णदुर्ग उभा आहे. १७५५ साली कमोडोर विल्यम जेम्सने पेशव्यांच्या साथीने तो तुळाजी आंग्रेंकडून घेतला. इकडे ही लढाई चालली होती त्याच दशकात तिकडे युरोप-अमेरिकेत विजेचे वेड शिगेला पोचले होते. १७४५-४६मध्ये लायडन जार सापडला होता. ही काचेची बाटली. आतून-बाहेरून धातूचा पत्रा लावलेला, आणि त्यात वीज साठवता यायची. म्हणजे आता माशाची गरज उरली नाही. बाटली भरा, रोग्याला स्पर्श करा, झटका द्या. लकव्यापासून दातदुखीपर्यंत सगळ्यावर हा इलाज सुरू झाला. जॉन वेस्ली या इंग्रज धर्मोपदेशकाने तर १७६०मध्ये सामान्य माणसाला परवडेल असा घरगुती वीज-उपचार सांगणारे पुस्तकच काढले. टेन्स मशीनच्या माहितीपत्रकाचा हा पणजोबा.

बेंजामिन फ्रँकलिनकडेही आसपासच्या गावांतून लकव्याचे रोगी येऊ लागले. त्याने विजेचे झटके दिले आणि काय घडले ते डिसेंबर १७५७च्या एका पत्रात कळवले. पहिल्या दिवशी लुळ्या अवयवात ऊब जाणवे, हालचाल थोडी वाढे, रोगी उत्साहात येई. पाचव्या दिवसानंतर प्रगती थांबे. रोगी निराश होऊन घरी जात आणि पुन्हा पूर्ववत होत. टिकाऊ फायदा आपल्याला कधी दिसला नाही, असे त्याने स्वच्छ लिहिले. पुढे त्याने एक शंकाही नोंदवली: जो तात्पुरता फायदा दिसला, त्यात रोज माझ्या घरापर्यंत चालत येण्याच्या व्यायामाचा आणि बरे होण्याच्या आशेचा वाटा किती? विजेच्या सर्वांत मोठ्या जाणकारांपैकी एकाने स्वतःच्याच उपचारावर घेतलेली ही शंका पुढची दोनशे वर्षे फार थोड्यांनी मनावर घेतली.

माशाकडे विज्ञान परत वळले ते १७७२मध्ये. फ्रान्सच्या ला रोशेल बंदरात जॉन वॉल्श या इंग्रजाने कोळ्यांकडून जिवंत टॉर्पेडो मिळवले आणि त्यांचा झटका विजेचाच असल्याचे दाखवले. जॉन हंटरने मासा चिरून त्यातले अवयव पाहिले: चकत्यांवर चकत्या रचलेले शेकडो उभे खांब. १८००मध्ये व्होल्टाने जस्त आणि चांदीच्या चकत्या एकावर एक रचून पहिली बॅटरी बनवली, तेव्हा तिचे वर्णन त्याने 'कृत्रिम विद्युत अवयव' असे केले. नमुना समोर होता टॉर्पेडोचा. मावशीच्या कपाटातल्या नऊ व्होल्टच्या बॅटरीत आजही सहा छोटे सेल एकाला एक जोडलेले असतात. वंशावळ लावायचीच, तर ती पाकटापर्यंत पोचते.

एकोणिसाव्या शतकात वीज स्वस्त झाली आणि तिच्याबरोबर थापाही. विजेचे पट्टे, विजेच्या साखळ्या, विजेचे कंगवे. संधिवात, मंदाग्नी, मरगळ, नपुंसकत्व, सगळे एकाच पट्ट्याने जायचे. अमेरिकेत १९१९ साली 'इलेक्ट्रीट' नावाच्या हातात धरायच्या यंत्राचे पेटंट निघाले. सुक्या बॅटऱ्या, एक कॉइल, पुढे धातूचा रूळ. दुखऱ्या जागी फिरवायचा. यंत्र ठीकठाक होते, जाहिरात बेताल. १९३८मध्ये अमेरिकेत औषधांबरोबर वैद्यकीय उपकरणांनाही कायद्याच्या कक्षेत आणले गेले आणि अशा दाव्यांवर कारवाई सुरू झाली. तोवर सुशिक्षित डॉक्टरांच्या लेखी विजेचा उपचार म्हणजे जत्रेतले औषध होऊन बसला होता. बरे करण्याचे वचन खोटे ठरले, तेव्हा बरे वाटण्याचा अनुभवही खोटा ठरवला गेला.

आपल्याकडे वीज दवाखान्यात रुळली ती फिजिओथेरपीच्या वाटेने. मुंबईत केईएम रुग्णालयात १९५३ साली देशातले पहिले फिजिओथेरपीचे विद्यालय सुरू झाले. पोलिओने अधू झालेली मुले हे त्यामागचे मोठे कारण. पुढे तालुक्यांच्या गावांपर्यंत ही केंद्रे पोचली. कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात 'शेक घेतला', 'करंट घेतला', 'लाइट घेतली' असे शब्द येतात, ते तिथून. हर्ण्याहून दापोली पंधरा-सोळा किलोमीटर. एसटीची वाट पाहा, घाट चढा, दहा मिनिटे करंट घ्या, परत या. गुडघे दुखणाऱ्या बाईने हे आठवड्यातून तीनदा करायचे म्हणजे दुखण्यावर दुखणे. घरात वापरता येणाऱ्या मशीनचे महत्त्व शहरात बसून लक्षात येत नाही, ते इथे येते.

पण करंटने दुखणे मागे का जाते? याचे पहिले पटण्यासारखे उत्तर १९६५मध्ये आले. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 'सायन्स' या नियतकालिकात वेदनेचा 'दार सिद्धान्त' मांडला. आपल्या मज्जातंतूंत जाड धागे आहेत, ते स्पर्श आणि दाब यांची खबर नेतात, आणि बारीक धागे आहेत, ते वेदनेची खबर नेतात. दोन्ही पाठीच्या कण्यात एका ठाण्यावर येतात. जाड धाग्यांकडून गर्दी झाली, की तिथले दार वेदनेसाठी अर्धवट मिटते. सॉफ्टवेअरवाल्याला हे लगेच समजते: एकच रांग, दोन प्रकारचे निरोप, आणि कोणाला आधी पुढे सोडायचे हे ठरवणारा एक दरवान. अर्थात पोर टेबलाला आपटल्यावर ज्या आईने त्याचा गुडघा चोळला, तिला सिद्धान्त न वाचताही हे ठाऊक होते. मिठाची पुरचुंडी, निर्गुंडीच्या पाल्याचा शेक, खसखसून लावलेले तेल यांच्या आरामाचा एक भाग याच दाराशी जातो. सुश्रुतसंहितेतले अग्निकर्म आणि खेड्यांतले डाग देणे हे मात्र दुसऱ्या जातीचे, वेदनेनेच वेदना दाबण्याचे उपाय. त्यांचे चटके लोकांनी उगाच सोसले.

दोन वर्षांनी, १९६७मध्ये, वॉल आणि विल्यम स्वीट यांनी सिद्धान्ताची परीक्षा घेतली. आधी त्यांनी स्वतःच्याच चेहऱ्यातल्या मज्जातंतूवर करंट देऊन पाहिला. मग जुनाट वेदनेचे आठ रोगी घेतले. सेकंदाला शंभर ठोके, प्रत्येक ठोका एक दशांश मिलिसेकंदाचा, मुंग्या येतील इतपत जोर. करंट चालू असताना दुखरी जागा दाबली तरी दुखेना. त्यांतल्या चौघांना दोन मिनिटांच्या करंटनंतर अर्ध्या तासाहून जास्त वेळ आराम राहिला. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी 'तात्पुरते' असा शब्द घातला होता. हा प्रामाणिकपणा लक्षात ठेवण्यासारखा आहे. सेकंदाला शंभर ठोके ही मावशीच्या मशीनवरचीही नेहमीची एक सेटिंग आहे. आणि टॉर्पेडोचा झटका म्हणजेही एकसंध धक्का नसून छोट्या ठोक्यांची वेगवान माळच असते.

पुढे नॉर्मन शीली या अमेरिकन शल्यविशारदाने पाठीच्या कण्यापाशी तारा बसवण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. कोणाला ती लागू पडेल हे आधी पाहण्यासाठी त्याला कातडीवरून करंट देणारे साधन हवे होते. त्याने वापरले ते जुने, बदनाम इलेक्ट्रीट. काही रोग्यांना तेवढ्यानेच इतका आराम पडला, की शस्त्रक्रियेची गरज उरली नाही. चाचणीचे साधनच उपचार होऊन बसले. सत्तरच्या दशकात कमरेला अडकवता येतील अशी छोटी यंत्रे निघाली. टेन्स, म्हणजे ट्रान्सक्युटेनियस इलेक्ट्रिकल नर्व्ह स्टिम्युलेशन, कातडीवरून मज्जातंतू जागवणे, हे त्यांचे नाव.

नंतरच्या संशोधनाने दार सिद्धान्तातले तपशील बदलले. आता असे दिसते की करंटमुळे शरीर स्वतःची अफूसारखी रसायनेही सोडते; हळू ठोक्यांनी एका प्रकारची आणि जलद ठोक्यांनी दुसऱ्या प्रकारची ग्रहणकेंद्रे कामाला लागतात. रोज तेच तेच दिले, की शरीर सरावते आणि परिणाम उतरतो. पाचव्या दिवशी थांबणारे फ्रँकलिनचे रोगी इथे आठवतात.

मग चाचण्यांचा निकाल काय? तो वाचताना मावशीची दोन क्रियापदे हाताशी असलेली बरी. १९९०मध्ये रिचर्ड डेयो आणि सहकाऱ्यांनी जुनाट कंबरदुखीच्या १४५ रोग्यांवर चाचणी घेतली. खऱ्या टेन्सने खोट्या टेन्सपेक्षा अधिक काही साधले नाही, व्यायामाने मात्र फरक पडला. गुडघ्याच्या झिजेसाठी अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९मध्ये टेन्सच्या विरोधात शिफारस केली. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २०२२च्या मार्गदर्शनात सांध्यांच्या झिजेवर टेन्स देऊ नये असे म्हटले. आणि त्याच २०२२मध्ये मार्क जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी तब्बल ३८१ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा करंट चालू असताना आणि लगेच नंतर वेदना कमी होते, याला मध्यम बळाचा पुरावा मिळाला.

वरवर पाहता हे एकमेकांच्या विरुद्ध आहे. पण प्रश्नच वेगळे आहेत. महिना-दोन महिन्यांनी गुडघा सुधारला का, असे विचाराल, तर उत्तर जवळजवळ नाही. आत्ता, या अर्ध्या तासात कमी दुखते का, असे विचाराल, तर बऱ्याच जणांसाठी हो. त्यातली आणखी एक अडचण अशी की टेन्सची खोटी आवृत्ती बनवणे अवघड आहे. साखरेची गोळी खऱ्या गोळीसारखी दिसते. मुंग्या न येणारे मशीन मात्र रोग्याला चटकन ओळखू येते. त्यामुळे आशेचा वाटा किती, ही फ्रँकलिनची शंका आजही पूर्ण फिटलेली नाही.

अर्ध्या तासाच्या आरामाला किंमत किती, हे तो अर्धा तास कोणाचा आहे यावर अवलंबून असते. शिफारशी लिहिणाऱ्यांना सरकारी पैसा कुठे लावायचा ते ठरवायचे असते, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. मावशीचा प्रश्न वेगळा होता. गुडघ्याच्या झिजेवर सर्वांत पक्का पुरावा असलेला घरगुती उपाय म्हणजे मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम. खुर्चीत बसून पाय सरळ करणे, धरून ठेवणे, खाली आणणे. दापोलीच्या फिजिओथेरपिस्टबाईंनी तिला तो दाखवला होता, पण दुखते म्हणून ती करत नव्हती. दुखते म्हणून हालचाल नाही, हालचाल नाही म्हणून स्नायू दुबळे, स्नायू दुबळे म्हणून आणखी दुखणे. या फेऱ्यात कुठेतरी फट पाडायला अर्धा तास पुरतो. त्याच बाईंनी सुचवले की मशीन व्यायामाच्या आधी लावा आणि चालू असतानाच व्यायाम करा. मावशीने डबा कपाटातून काढला. संध्याकाळच्या लिलावाला निघण्याआधी, दुपारी, हा तिचा वेळ ठरला.

जून २०२०मध्ये निसर्ग वादळाने दापोली तालुका झोडपला. माडा-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, गावे कितीतरी दिवस अंधारात राहिली. पंखा बंद, फोन बंद. नऊ व्होल्टची बॅटरी तेवढी चालू. छपराची कौले गोळा करायला दिवसभर वाकणाऱ्या बाईला त्या दिवसांत त्या डब्याने उभे ठेवले, असे ती सांगते. गुडघे बरे झालेले नाहीत. एक्स-रेतली झीज आहे तिथेच आहे, वाटी बदलायची वेळ पुढे-मागे येणार आहे. व्यायामामुळे जिना चढता येतो, आणि मशीनमुळे व्यायाम होतो. यात करंट किती, स्नायू किती, आशा किती, हे एका माणसावरून सांगता येणार नाही.

ज्यांच्या घरी असा डबा येणार असेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी. हृदयात पेसमेकर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. गरोदरपणी किंवा फिट्स येत असतील, तरीही आधी विचारावे. पॅच गळ्याच्या पुढच्या बाजूला, छातीच्या आरपार किंवा जखमेवर लावू नयेत. आंघोळ करताना आणि झोपेत वापरू नये. जोर मुंग्या येतील इतकाच ठेवावा, जास्त झटका म्हणजे जास्त गुण नव्हे. आणि सांधा अचानक सुजला, लाल झाला, ताप आला, तर मशीन बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. तिथे वेदना दडवणे घातक ठरू शकते.

स्क्रिबोनियसच्या माशापासून आजच्या पॅचपर्यंत विजेने दिलेले दान फारसे बदललेले नाही: थोड्या वेळाचा बधिर, सुखद आराम. दर पिढीत कोणीतरी त्याला 'कायमची मुक्ती' असे लेबल लावून विकले, आणि दर पिढीत कोणीतरी ते लेबल खोटे निघाले म्हणून आरामही फेकून दिला. खोक्यावर 'व्यायामाआधी अर्धा तास बरे वाटेल' असे छापले, तर विक्री बहुधा कमी होईल. पण मावशीसारख्या बायका डबा पंधरा दिवसांत कपाटात टाकणार नाहीत.